पास्तोराच्या घरातले सात

पास्तोरा एस्तुपिन्यानच्या घरात झोपायच्या जागा सहा, आणि कागदोपत्री राहणारी माणसं एकोणीस. हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी पास्तोराच्याच किनाऱ्यावरची, त्याच खारफुटीच्या चिखलात पाय रुतवून मोठी झालेली, आणि सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात लोकांचे पत्ते लिहिण्याचंच काम केलेली बाई. तरी दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मीच घातला.

पास्तोराला जाऊन आता चार वर्षं होतील. कोलंबियातल्या काली शहराच्या पूर्वेला, जिथं पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्या सोडून आलेली आम्ही काळी माणसं वसलो, तिथल्या एका अरुंद गल्लीत तिचं घर. रस्त्याकडच्या खिडकीतून ती नारळाच्या वड्या विकायची. गुळातल्या, काळपट, दाताला चिकटणाऱ्या. नारळ मात्र नदीवरूनच आलेला पाहिजे. "इथल्या बाजारातल्या नारळात खोबरं कमी आणि गर्व फार," असं ती नाक मुरडून सांगायची. अख्खी गल्ली तिला मावशी म्हणायची, कोपऱ्यावरचा सत्तरीचा कुलूपवालासुद्धा. आमच्याकडे मूल जन्मलं की सुईण त्याच्या बेंबीला कसली तरी पूड चोळते, ज्याची पूड त्याचा गुण लागावा म्हणून. पास्तोराच्या बेंबीला म्हणे मुंग्यांची पूड लावली होती. ते खरं असणार, कारण ही बाई बसलेली कुणी पाहिली नव्हती. वड्या थापताना उभी, जेवताना उभी, चर्चमध्येही मागच्या भिंतीला टेकून उभी.

आता माझ्या वहीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी त्वचाविभागात होते. तिथं एक जाड वही आणि कार्डांचा खण माझ्या ताब्यात. त्यात फक्त एकाच जातीचे आजार लिहायचे, कातडीतले लिम्फोमा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा हा कॅन्सर, पण गाठीत न उठता कातडीतच बिऱ्हाड करतो. लाल चट्टे येतात, खाज येते, आणि माणूस नायटा समजून वर्षानुवर्षं मलमं चोळत बसतो. आजार दुर्मिळ. दहा लाखांत वर्षाला पाच-सहा, फार तर सात. म्हणून तर मोजायचा. जे भरपूर असतं ते न मोजताही दिसतं.

नियम दोनच होते. कातडीचा तुकडा काढून तपासलेला असला तरच नोंद, आणि माणूस शहरात राहणारा असला तरच नोंद. दुसरा नियम भागाकाराचा. वर शहराचे रोगी धरले तर खाली शहराचीच लोकसंख्या धरली पाहिजे, नाहीतर आकड्याला काही अर्थ राहत नाही. बाहेरगावच्यांचे कागद आले की मी कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं 'हद्दीबाहेर' लिहायची आणि टेबलाखालच्या खोक्यात टाकायची. त्या खोक्यावर पाय ठेवून बसायची मला सवय होती.

दोन हजार नऊ साली आमच्याकडे डॉक्टर पारेदेस आले. डोंगरातल्या थंड गावचा, काटकुळा, हुशार मुलगा. कॉफीत साखर घालायचा नाही आणि कुणी घातली तर डोळे विस्फारून बघायचा. त्यानं आल्या आल्या भिंतीवर शहराचा नकाशा लावला आणि माझ्या आठ वर्षांच्या एकसष्ट कार्डांच्या एकसष्ट टाचण्या त्यावर टोचल्या. एका सकाळी त्याची हाक आली.

"नोएमीबाई! जरा इकडे या. हे बघा!"

पूर्वेकडच्या एका गल्लीत टाचण्यांचा झुबका झाला होता. जागा पुरेना म्हणून शेवटची टाचणी शेजारच्या छपरावर टोचली होती.

"एकाच घरात सात," तो म्हणाला. "दहा लाखांत सहा असतात हो! आणि इथं एका घरात सात! पाणी असेल, रंग असेल, भिंतीत काही असेल. जगात कुणाला सापडलं नसेल असं काहीतरी आहे तिथं."

मी पत्ता वाचला. पास्तोरा मावशीचं घर. तिच्या वड्या मी दर रविवारी खात होते.

"डॉक्टर, आधी मी जाऊन येते. ओळखीची बाई आहे."

"ओळखीनं पाणी तपासता येत नाही, बाई. माणसं कालच पाठवलीत मी."

झालं! पांढरे पोशाख, तोंडाला फडकी, हातात बाटल्या अशी दोन माणसं गल्लीत उतरली, मावशीच्या नळाचं पाणी भरून घेतलं, भिंतीचा पोपडा खरवडून पिशवीत टाकला, आणि एक शब्द न बोलता निघून गेली. गल्लीला एवढं पुरतं. संध्याकाळपर्यंत त्या घराचं पाणी माणसाची कातडी खातं इथवर गोष्ट पोचली होती. समोरच्या त्रान्सितोनं, जिची तीन बाळंतपणं मावशीनं काढली त्या त्रान्सितोनं, पोरांना खिडकीसमोरून पळत जायला शिकवलं. वड्यांना गिऱ्हाईक बंद झालं.

मावशीनं मात्र ब्र काढला नाही. रोज सकाळी वड्या थापायची, खिडकीत मांडायची, संध्याकाळी झाकून आत न्यायची.

चौथ्या दिवशी मी गेले. खिडकीतल्या ताटात वड्या जशाच्या तशा. मी एक उचलून तोंडात टाकली आणि गल्लीकडे तोंड करून चावत उभी राहिले.

"पुरे तमाशा," मावशी आतून म्हणाली. "दात पडेल. ये आत."

मागच्या अंगणात निएवेस पाठ उघडी टाकून बसली होती. चौतीस वर्षांची, दोन लेकरांची आई, माझ्या खणातलं ह्या घराचं सातवं कार्ड. तिच्या पाठीवर तळहाताएवढे तांबूस चट्टे होते, पण कडा फिकट पडू लागल्या होत्या. आठवड्यातून तीनदा ती आमच्याकडे अतिनील प्रकाशाच्या पेटीत उपचारासाठी उभी राहायची, आणि ते तिला मानवत होतं. मावशी तिच्या पाठीला मलम लावत होती.

"निएवेस, तू इथं कधीपासून राहतेस गं?" मी विचारलं.

पोरीनं मावशीकडे बघितलं. मावशीचा हात तसाच फिरत राहिला.

"कोण विचारतंय?" मावशी म्हणाली. "वड्या खाणारी नोएमी की वहीवाली बाई?"

"दोघी एकच आहेत, मावशी."

"नाहीत. नोएमी असशील तर सांगते. वहीवाली असशील तर ही पोरगी जन्मापासून इथंच राहते, त्या पलंगावर झोपते, आणि तुझी कॉफी थंड होतेय."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. "मावशी, तुझ्या घराला बट्टा लागलाय! लोक म्हणतात तुझं पाणी विषारी आहे. उद्या घराला कुलूप ठोकतील. आणि तू तोंड शिवून बसलीयेस!"

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ कसली झाकतेस? आत आहे काय?"

तेव्हा तिनं मलमाचं झाकण लावलं, हात धुतले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सांगितलं ते असं.

तिचं गाव सांता ब्रिहिदा. कोलंबियाच्या नकाशावर शोधायला जाल तर सापडणार नाही. नदीच्या मुखापासून होडीनं अर्धा दिवस आत. तिथल्या सरकारी दवाखान्याच्या दाराला कुलूप आणि कुलपाला गंज. आठ वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ एलिएसेर अंगभर चट्टे घेऊन होडीनं, मग बसनं, काली शहरात आमच्या दवाखान्यात आला. खालच्या नोंदणीच्या खिडकीवर त्याला विचारलं, कुठं राहता. तो म्हणाला, सांता ब्रिहिदाला.

"इतका खरा माणूस गं," मावशी म्हणाली. "मासा वजनाला कमी भरला तर वरून दुसरा टाकायचा. खिडकीवरची बाई म्हणाली, इथं शहरात राहणाऱ्यांनाच औषध मिळतं, तुम्ही तुमच्या जिल्ह्यात जा. हा म्हणाला, बरं बाई. आणि परत गेला! मी कपाळावर हात मारून घेतला. पाच महिन्यांनी आम्ही त्याला पुरला."

निएवेस खाली बघत होती.

"त्या दिवशी मी ठरवलं, नदीवरून जो येईल तो माझ्या घरी राहतो. तो, त्याची बायको, त्याचा बाप, सगळे. सात आले. तिघं गेले, चार आहेत. आता तू वहीत खरं लिहिणार असशील तर लिही. पण मग ह्या पोरीला त्याच खिडकीवरून परत पाठवतील. माझ्या वड्या नाही खपल्या तरी चालेल मला."

मी कॉफी तशीच ठेवून उठले. घरी जाताना स्वतःलाच शिव्या घालत होते. अगं नोएमी, तू सोळा वर्षांची असताना शाळेत नाव घालायला कुणाचा पत्ता दिला होतास? आत्याचा. तुझ्या भावानं? आत्याचाच. किनाऱ्यावरच्या कुठल्या माणसानं शहरात पहिल्यांदा स्वतःचा पत्ता दिलाय? पत्ता उसना घ्यायचा ही आमची रीतच आहे, मीठ उसनं घ्यावं तशी. आणि मी सव्वीस वर्षं ते उसने पत्ते सुवाच्य अक्षरात लिहून घेत बसले. घर बिचारं निर्दोष होतं, आणि सांता ब्रिहिदाच्या नावावर माझ्या वहीत भलंमोठं शून्य. जिथं शून्य असतं तिथं डॉक्टर कशाला जाईल?

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. खरं सांगितलं तर निएवेसचा उपचार सुटणार. नाही सांगितलं तर घराला टाळं आणि नदीवरची माणसं कुणाच्या खिजगणतीत नाहीत. तिसऱ्या दिवशी पाण्याचा निकाल आला. पाणी स्वच्छ. डॉक्टर पारेदेस तोंड पाडून बसला होता.

"आता भिंती," तो म्हणाला. "घर रिकामं करून तपासावं लागेल."

"डॉक्टर, तुमची नाळ कुठं पुरलीये?"

"काय?"

"नाळ. जन्मल्यावर कापतात ती."

"मला काय माहीत! दवाखान्यात जन्मलो मी. फेकली असेल."

"आमच्यात फेकत नाहीत. गावात, एखाद्या झाडाखाली पुरतात. माणूस कुठंही राहो, कुठलाही पत्ता देवो, नाळ कुठं पुरलीये याबद्दल आमच्यात कुणी खोटं बोलत नाही. बोलला तर मेल्यावर घरची वाट सापडत नाही म्हणतात. तर माझं म्हणणं, वहीत आणखी एक रकाना आखू. नाळ कुठं पुरली."

"नोएमीबाई, ही वैद्यकीय नोंद आहे. जत्रा नाही."

"हो का? मग राहतं घर का लिहिता? रोग राहत्या घरातून आलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो उठून नकाशापाशी गेला. नकाशात बघत होता की भिंतीत, मला कळेना. मग हळूच म्हणाला, "एक जात आहे ह्या आजाराची. एका विषाणूमुळे होते. बहुतेकांना तो तान्हेपणी मिळतो, आईच्या दुधातून. वीस, तीस, चाळीस वर्षं अंगात गप्प बसतो. शंभरातल्या चार-पाच जणांनाच पुढं आजार होतो, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही." माझ्याकडे वळला. "म्हणजे आत्ता कुठं राहतो हे विचारून उपयोग नाही. तान्हेपणी कुठं होता ते विचारायला हवं."

"तेच म्हणतेय मी. फक्त आमच्या भाषेत."

"पण मग हे सात जण खरे राहतात कुठं?"

म्हटलं, बोलून टाक बाई. "डॉक्टर, खालच्या खिडकीवरच्या कागदाशी तुमच्या वहीचा काही संबंध?"

"नाही. ते प्रशासनाचं. आपलं फक्त मोजणीचं."

"मग तो पत्ता तिथं राहू द्या. मला विचारू नका. नाळेचं विचारा."

पोरगा हुशार होता हे मी आधीच सांगितलं. त्यानं त्या झुबक्यातल्या साती टाचण्या एकेक करून उपटल्या आणि माझ्या हातात दिल्या. "रकाना आखा," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी एक शहाणपण केलं. पांढरा कोट घालून, भर दुपारी, मावशीच्या गल्लीत गेला. खिडकीसमोर उभा राहिला. सगळ्या दारांतून डोकी बाहेर. त्यानं एक वडी खाल्ली, मग दुसरी, मग मावशीला मोठ्यांदा म्हणाला, "पाणी पण द्या, नळाचं." आणि ग्लासभर घटाघटा प्यायला. ज्याला कॉफीत साखर चालत नव्हती त्यानं सहा वड्या खाल्ल्या.

"अहो, पुरे," मावशी म्हणाली. "दवाखान्यात न्यावं लागेल तुम्हाला."

"मी तिथलाच आहे."

"म्हणून तर भीती वाटते."

गल्ली हसली. त्रान्सितोची पोरं संध्याकाळी वड्या न्यायला आली. त्रान्सितो स्वतः आठवडाभरानं आली. मावशीनं तिला दोन जास्त दिल्या, आणि तेवढ्यानं ती बाई शरमून गेली.

मी एकसष्ट कार्डं पुन्हा हातात घेतली. जे जिवंत होते त्यांना विचारलं, जे गेले त्यांच्या घरच्यांना विचारलं. मावशीकडचे साती जण सांता ब्रिहिदाचे. आणि तिच्यासारख्या आणखी किती मावश्या निघाल्या शहरात! एकसष्टातल्या तेवीस नाळा किनाऱ्यावर पुरलेल्या. शहराचा आकडा खाली आला आणि जिथं शून्य होतं तिथं एवढ्याशा वस्तीच्या मानानं न पटण्याजोगा आकडा उभा राहिला. डॉक्टरनं दोनदा भागाकार करून बघितला. पुढच्या उन्हाळ्यात तो स्वतः दोन परिचारिका आणि रक्ताच्या बाटल्या घेऊन होडीनं नदीवर गेला. पोटुशा बायकांचं रक्त तपासायचं, ज्यांच्यात विषाणू सापडेल त्यांच्या बाळांना वरचं दूध पुरवायचं, चट्टे असतील त्यांचे तुकडे घ्यायचे. दवाखान्याचं ते गंजकं कुलूप कुलूपवाल्या म्हाताऱ्यानं जाऊन तोडलं. निएवेस पेटीत येत राहिली. ती आजही आहे, आणि तिच्या पाठीवर आता बोटाएवढेच डाग आहेत.

हे सगळं मार्गी लागल्यावर एका मंगळवारी पास्तोरा मावशी माझ्या खोलीत आली. पहिल्यांदाच. चर्चचा जांभळा झगा घातलेला, हातात वड्यांचं पुडकं.

"नोएमी, नऊ वर्षांपूर्वीचं लिहिता येतं का गं वहीत?"

"पुरावा असला तर येतं. तुकडा काढलेला हवा."

"काढला होता. एलिएसेरचा. मानेच्या मागून काढला, मी होते बरोबर. तुकडा आधी काढला आणि कुठं राहता ते मागून विचारलं. निकाल न्यायला कुणी आलंच नाही आमच्यातलं."

मला कळलं. ती पुढं काही बोलायच्या आधीच मला कळलं. मी खुर्ची मागं सरकवली आणि टेबलाखालचं खोकं ओढलं, ज्याच्यावर मी पाय ठेवून बसत होते. अर्धा तास लागला. कागद पिवळा पडला होता. एलिएसेर एस्तुपिन्यान, वय एक्कावन्न, सांता ब्रिहिदा. खाली निकाल, स्पष्ट. आणि वर कोपऱ्यात लाल पेन्सिलीचा शब्द. शेवटचं अक्षर मी नेहमी लांब ओढते, तसंच ओढलेलं.

"चष्मा आणला नाही मी," मावशी म्हणाली. "ते लाल काय लिहिलंय?"

काहीही सांगता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं त्या क्षणी.

"'हद्दीबाहेर' लिहिलंय, मावशी. मी लिहिलंय. माझं अक्षर आहे."

खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली. मला रडू आलं, आणि लाज वाटली की रडायचा हक्क तिचा असताना मीच रडतेय.

"तू त्याला परत पाठवलं नाहीस," ती शेवटी म्हणाली. "तू नुसतं लिहिलंस."

"नुसतंच लिहिलं. एकदा वर मान करून विचारलं नाही."

"मग आता विचार. आणि डोळे पूस आधी, कार्ड भिजेल."

मी नवं कार्ड घेतलं. नाव, वय, तुकड्याचा निकाल. सांता ब्रिहिदाचा आठवा, खरं म्हणजे पहिला. मग शेवटच्या रकान्यापाशी आले आणि नीट, मोठ्यानं विचारलं, "एलिएसेरची नाळ कुठं पुरलीये?"

"सांता ब्रिहिदा. धक्क्याजवळच्या तिसऱ्या नारळाखाली."

"मावशी, रकान्यात फक्त गाव लिहितात."

"नारळ पण लिही."

मी नारळ पण लिहिला.

"मोजला?" तिनं विचारलं.

"मोजला."

तेव्हा पास्तोरानं माझ्यासमोरची खुर्ची पुढं ओढली आणि ती बसली. मांडीवर वड्यांचं पुडकं धरून, पाय लांब करून, जेवणाची घंटा होईपर्यंत बसून राहिली.